समुद्र शांत राहील

त्या शनिवारी शारजातल्या आमच्या रेडिओवर जे हवामान सांगितलं गेलं, ते कुठल्याच दिवसाचं नव्हतं. ऐकायला बरं वाटावं म्हणून कुणीतरी बसून लिहिलेलं होतं. हे आधीच सांगून टाकते. गावी जेट्टीच्या विरोधात आम्ही पत्रकं काढायचो, तेव्हाची सवय आहे. मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत माणूस एसटीत चढलेला असतो.

आमचा रेडिओ म्हणजे काही आमच्या मालकीचा नव्हे. स्टेशन दुसऱ्याचं, भाषा बहुतेक हिंदी, थोडी मल्याळम. शनिवारी सकाळचे काही तास एक मराठी व्यापारी विकत घ्यायचे. मसाले, केटरिंग, दोन गोदामं, असा त्यांचा पसारा. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचे. आठवडाभर मी एका कार्गोच्या ऑफिसात बिलं बनवायचे आणि शनिवारी काकांसाठी रेडिओचं लिहायचे. गाण्यांच्या मधलं बोलणं, पाककृती, मंडळाच्या गणपतीची जाहिरात, वाढदिवस.

आणि समुद्राची खबर. ही माझी. भांडून मिळवलेली.

माझा मामा इथल्या सप्लायच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हातात. बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना पाणी, भाजी, दोरखंड, पेंट, असं सगळं नेऊन द्यायचं. मामा देवगडकडचा, हाताखालचे दोघे खलाशी, एक गुजराती आणि एक बंगाली. अशा कितीतरी बोटी खाडीत लागलेल्या असतात आणि त्यांवर आपल्या किनाऱ्यावरचे निदान एक-दोन जण सापडतातच. सरकारचा हवामानाचा इशारा येतो, वेळेवर येतो, पण येतो अरबीत आणि इंग्रजीत. मामाला दोन्ही वाचता येत नाही. त्याचं त्याला फारसं अडायचंही नाही. अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी. वारा दिसत असतानाही सुपरवायझर म्हणायचा, यल्ला, निकलो. नाही म्हटलं तर त्या दिवसाची हजेरी खलास. ‘तेरे को कौन बोला मौसम खराब है? तू क्या मौसम का ऑफिसर है?’

म्हणून मी काकांना सांगितलं, सरकारी इशारा मराठीत करून वाचायचा. रोज नाही जमलं तर निदान शनिवारी, अकराच्या सुमाराला, कारण बोटी त्यानंतर सुटतात. काका म्हणाले, आपला कार्यक्रम मनोरंजनाचा आहे. मी म्हटलं, तुमचा मसाला पण हेच लोक खातात. महिनाभर कुरकुर करून त्यांनी दोन मिनिटं दिली. त्या दोन मिनिटांनी काय झालं ते मामा एकदा हसत हसत म्हणाला होता: “आता माका बोलूचा लागणा नाय गो. रेडिओ बोलता आणि मी नुसतो त्याच्याकडे बघतंय.” सुपरवायझर मूळचा नांदेडकडचा. मराठी सगळं कळायचं त्याला, पण बोलायचा हिंदीत, हुकूम हिंदीत बरा सुटतो म्हणून असेल. रेडिओने खराब म्हटलं की त्याला गप्प बसावं लागायचं. तांडेलाच्या शब्दाला किंमत नव्हती, पेटीतून आलेल्या आवाजाला होती. राग येण्यासारखीच गोष्ट आहे, पण मी म्हटलं असू दे, पेटी तर पेटी.

मग कार्यक्रमाचा वर्धापनदिन आला आणि काकांना लंडन आठवलं.

काका तरुणपणी शिकायला विलायतेत होते. तिथल्या जुन्या रेडिओचं त्यांना वेड. ते तिथे गेले तेव्हा तो काळ संपून बरीच वर्षं झाली होती, पण घरमालकिणीने सांगितलेल्या गोष्टी त्यांनी स्वतःच्या आठवणींसारख्या जपल्या होत्या. निवेदक माईकसमोर बसताना कोट आणि टाय घालायचा, दिसत कुणाला नसला तरी. स्वतःचं नाव सांगायचा नाही. प्रत्येक भाषण आधी लिहिलेलं, तपासलेलं, मंजूर झालेलं. मग ते असं वाचायचं की जणू आत्ताच सुचतंय. दोन कार्यक्रमांच्या मधे जागा उरली तर बडबड नाही, नुसते घंटानाद किंवा घड्याळाची टिकटिक. “त्याला म्हणतात शिस्त,” काका म्हणायचे. “आणि ऐक, त्या काळात लंडनहून मराठीतसुद्धा बातम्या यायच्या. मराठीत! आपल्या लोकांनी तिथे बसून वाचल्या.” म्हणून ठरलं, त्या शनिवारी आमचा सगळा वेळ लंडनच्या त्या काळासारखा. काकांच्या भाषेत, ‘पन्नासच्या सुमाराचा एक दिवस.’

मी वाचायला लागले. मलाही त्यात गंमत वाटली, नाही असं नाही. सकाळचा व्यायाम, मग प्रार्थना, गृहिणींसाठी रेशनमधल्या स्वयंपाकाच्या युक्त्या, शाळांसाठी धडा. कारखान्यांसाठी संगीत. तेवढा वेळ सगळ्या कारखान्यात भोंग्यांवर गाणी लावायचे. काकांना ते फार प्रेमळ वाटायचं. मला वाचताना वेगळंच दिसलं. संथ गाणी चालायची नाहीत, हात मंदावतात म्हणून. टाळ्यांची गाणी चालायची नाहीत, कामगार हातातली अवजारं आपटून ठेका धरतात म्हणून. मी म्हटलं, काका, हे कामगारांसाठी नव्हतंच, हे मालासाठी होतं. तर म्हणाले, “तू प्रत्येक गोष्टीत मोर्चा काढतेस.”

आणखी एक गोष्ट वाचली. तेव्हा नुसती नवल म्हणून वाचली होती. युद्धाच्या वर्षांत त्या रेडिओने लोकांना हवामान सांगणंच बंद केलं होतं. शत्रूला कळू नये म्हणून. बातम्या होत्या, गाणी होती, विनोद होते, फक्त उद्या वारा कसा असेल ते नव्हतं. मच्छीमारांनी आपापलं बघायचं.

त्या जुन्या दिवसात समुद्राचं हवामान असायचंच. ते वाचण्याची एक लय होती, समुद्राच्या एकेका भागाचं नाव, मग वारा, मग लाटा, मग किती लांबचं दिसेल ते. मी तसंच लिहिलं, त्यांच्याकडच्या समुद्रांची नावं घालून. डॉगर वगैरे. ऐकणाऱ्याला लगेच कळलं असतं की हे इथलं नव्हे. वर एक वाक्य टाकलं: ‘ही जुन्या काळातल्या निवेदनाची नक्कल आहे. आजचं खरं हवामान यानंतर ऐका.’

कागद काकांकडून परत आला तेव्हा ते वाक्य नव्हतं. समुद्रांची नावंही नव्हती. त्या जागी आमच्या इथली नावं होती. शारजा, अजमान, आखाताचा उत्तर भाग. वारा मंद. समुद्र शांत राहील. दृश्यता चांगली.

मी काकांच्या ऑफिसात गेले. मसाल्याचा वास भिंतींत मुरलेलं ऑफिस.

“काका, हे काय?”

“आपल्या लोकांना डॉगर-बिगर काय कळणार? जवळचं वाटलं पाहिजे.”

“जवळचं वाटलं तर खरंही वाटेल.”

“वाटू दे ना. चांगला दिवस आहे, चांगलंच सांगायचं.”

“मग ते वाक्य तरी ठेवा. नक्कल आहे म्हणून.”

“नाटकात राजा आला की सूत्रधार सांगतो का, हा आमच्या बँकेतला कॅशिअर आहे म्हणून? रंग जातो सगळा.” मग मऊ आवाजात, “बाळ, स्क्रिप्ट स्टेशनकडे मंजुरीला गेलंय. आता एक शब्द हलवायचा नाही.”

“आणि खरं हवामान?”

“एक शनिवार नसलं तर काय जग बुडतं?”

हे वाक्य त्यांनी ज्या सहजपणे म्हटलं ना, त्याचा राग मला अजून आहे. ज्याची गोदामं जमिनीवर असतात तो असंच बोलतो.

सगळं आधीच रेकॉर्ड झालं. समुद्राचं वाचलं ते आमच्या निवेदकांनी. हे गृहस्थ प्रॉपर्टीचे ब्रोकर, पुण्याचे, एके काळी राज्य नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळवलेले. आवाज असा की फ्लॅटचं भाडं सांगितलं तरी मंत्र वाटावा. त्यांनी ‘समुद्र शांत राहील’ इतकं सुंदर वाचलं की ऑपरेटरने काचेपलीकडून अंगठा दाखवला.

तो शनिवार उजाडला तेव्हा आभाळ पिवळं होतं. धूळ. इथे राहिलेल्यांना ते ओळखू येतं. इमारतींच्या कडा पुसट होतात, दात कचकचतात. शमाल येतो तो असाच, आधी धूळ पाठवून. हा उत्तर-पश्चिमेचा वारा. जमिनीवर त्याने फार तर डोळे चुरचुरतात. समुद्र मात्र तासा-दोन तासांत उभा राहतो. शेअर टॅक्सीत माझ्या फोनवर इशारा आला, पिवळा, इंग्रजीत: दुपारपासून जोराचा वारा, समुद्र खवळलेला, छोट्या बोटींनी बाहेर जाऊ नये. एरवीचा शनिवार असता तर मी तो टॅक्सीतच मराठीत करून टाकला असता. नुसतं मामाला कळवून उपयोग नव्हता, आभाळ त्याला माझ्याआधी कळतं; सुपरवायझरला पेटीचाच शब्द लागायचा.

स्टेशनवर लग्नघर झालं होतं. काकांनी पाहुणे बोलावले होते, चहाची कंपनी प्रायोजक होती, तिचे साहेब होते, लाउंजमधे बटाटेवडे होते. ब्रोकर निवेदक खरोखरच कोट-टाय घालून आले होते, करायचं काहीच नसताना. काकांची नात कानात बोटं घालून बसली होती. “आजोबा, व्हाय इज एव्हरीबडी टॉकिंग सो स्लो?” सगळे हसले. स्पीकरवरून व्यायाम चालू होता: हात वर, श्वास घ्या.

मी काकांना बाजूला घेऊन फोन दाखवला.

“बरं मग?”

“अकराचं काढून टाका. नुसती घंटा लावा. किंवा मला दोन मिनिटं द्या, हे वाचते.”

“लाइव्ह? आज?” त्यांनी चहावाल्या साहेबांकडे पाहिलं. “आज एकही शब्द लाइव्ह नाही, हे मी अभिमानाने सांगितलंय सगळ्यांना. आणि हे बघ, हवामानाबद्दल आपण काही उलटसुलट बोललो तर अफवा पसरवल्यासारखं होतं. या देशात ते किती महाग पडतं, तुला सांगायला नको.”

“काका, हा सरकारचाच इशारा आहे. अफवा अकराला जाणार आहे ती.”

“हळू बोल.”

मी हळू बोलले नाही. पण हळू न बोलल्याने काही झालंही नाही. अकरा वाजले, घंटा वाजल्या आणि तो सुंदर आवाज लाउंजभर पसरला. शारजा, अजमान, आखाताचा उत्तर भाग. वारा मंद. समुद्र शांत राहील. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीच्या काचेवर रेतीचा बारीक आवाज येत होता, कुणी नखं घासावीत तसा. समोरच्या इमारतीवरचा झेंडा ताठ झाला होता.

थोड्या वेळाने मामाचा आवाज फोनवर आला, पाठवलेला निरोप. मागे इंजिन चालू होतं.

“बाय, आमी सुटलंव. मी तेका म्हटलंय, वर बघ, आभाळ कसा झालासा. तर तो हसाक लागलो. म्हणता, तेरा ही रेडियो बोला ना, समंदर शांत है? अब क्या हुआ? मगे काय बोलतलंय? जहाजार पाणी पोचवचा आसा, संध्याकाळपर्यंत येतंव. तू जेवून घे.”

मी तो निरोप पुन्हा ऐकला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच भयंकर होतं. जी दोन मिनिटं मी त्याच्या हातात ढाल म्हणून दिली होती, त्यांनीच त्याला त्या दिवशी ढकललं होतं.

फोन लावला. लागला नाही. खाडीच्या तोंडावरच्या, लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या बाहेर गेलं की तिथे रेंज तुटते. बोटीवरचा वायरलेस कधीपासून मेलेला होता. त्याचा पार्ट कंपनीने ‘मागवलेला’ होता. सुपरवायझरला फोन केला.

“सलाम मॅडम.”

“बोट वापस बुलाओ. सरकार का अलर्ट आया है.”

“मॅडम, आपका ही रेडियो सुनके भेजा है.”

“वो नाटक था!”

तो म्हणाला, “हबीबी, रेडियो पे नाटक करते हो तो मेरे को क्या बोलते हो? मेरा फोन भी उधर नहीं लगता. इन्शाल्ला आ जाएँगे.” आणि ठेवला.

कोस्टगार्डला फोन केला. तिथला माणूस सभ्य होता. बोटीचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. रंग निळा, एवढंच सांगता आलं. निळ्या बोटी किती आहेत माहीत आहे का, असं त्याने विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. म्हणाला, आम्ही वायरलेसवर सगळ्यांना इशारा देतोय, तांडेलाने सेट चालू ठेवला असेल तर त्याला कळेल. सेट मेलेला आहे, मी म्हटलं. मग बोटीचं नाव मिळवा आणि परत फोन करा, तो म्हणाला. सुपरवायझर फोन उचलेना.

राहिला एकच रस्ता. मामाच्या केबिनमधे शनिवारी आमचा रेडिओ चालू असतो. भाची लिहिते म्हणून तो चालू ठेवतो, गाणी आवडोत न आवडोत. त्या समुद्रावर त्याच्यापर्यंत पोचणारा एकच आवाज होता, आणि तो आमच्या ताब्यात असून त्यावर त्या क्षणी रेशनच्या अंड्यांची पाककृती चालली होती.

मी ऑपरेटरकडे गेले. हा केरळचा, शांत माणूस, दोन मुलं इथल्या शाळेत.

“भैया, माइक खोलो. दो मिनट.”

“सर बोलेंगे तो खोलूँगा. बिना बोले खोला तो मेरा काम खलास.” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “मॅडम, मेरे को मत बोलो ऐसा. प्लीज.”

त्याला काय बोलणार? भीती त्याची नव्हती. वरून खाली वाटून दिलेली होती, रेशनसारखी.

लाउंजमधे गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “अकराचं हवामान खरं समजून एक बोट बाहेर गेलीय. तीन माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत फक्त आपला रेडिओ पोचतो.”

वडे हातात राहिले. चहावाले साहेब काकांकडे बघायला लागले. काका उभे राहिले, मला कोपऱ्यात घेतलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर घाम दिसला. वाईट माणूस नव्हेत ते. घाबरलेला माणूस होते, आणि घाबरलेल्या माणसाकडे स्टेशनच्या चाव्या होत्या.

“ठीक आहे,” म्हणाले. “सरकारी इशारा वाचू दे. शब्दशः. आधीच्याबद्दल एक अक्षर नाही.”

“मग ऐकणाऱ्याने कुठलं धरायचं? अकराला शांत सांगितलं, आता खवळलेला सांगायचं. सुपरवायझर त्याच्या सोयीचं धरेल.”

“आपण खोटं हवामान सांगितलं, हे आपल्याच तोंडाने म्हणायचं? हवेवर? तुला कळतंय का त्याचा अर्थ काय होतो? तो बोटवाला येईल उद्या परत. आपण कुठे जायचं?”

“त्याला बोटवाला म्हणू नका. मामा आहे माझा.”

काकांना हे माहीत नव्हतं.

“मी वाचतो,” मागून आवाज आला. ब्रोकर निवेदक. कोटाची बटणं लावलेली, टाय घट्ट, कपाळावर केस चिकटलेले. “इशारा कुठे आहे? द्या.” मी फोन दिला, मराठी सांगितलं, त्यांनी पेपर नॅपकिनवर उतरवून घेतलं. काका म्हणाले, “शब्दशः हं.” ते म्हणाले, “शब्दशः.”

पाककृती संपली. मधली घंटा सुरू झाली. काकांनी काचेतून मान हलवली, ऑपरेटरने माइक उघडला.

ते बसले. आवाज तोच, संथ, भारदस्त. सरकारी हवामान खात्याचा इशारा. दुपारपासून जोराचा वारा. समुद्र खवळलेला. छोट्या बोटींनी बाहेर जाऊ नये. तिथे नॅपकिन संपला. ऑपरेटरचा हात बटणाकडे गेला. आणि हे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात लिहिलेल्याच्या बाहेर एक वाक्य म्हटलं नसेल, त्याच आवाजात पुढे बोलले:

“अकरा वाजता मी समुद्र शांत आहे असं वाचलं होतं. ते खरं नव्हतं. ते नाटक होतं. आवाज माझाच होता. बाहेर गेलेल्या बोटींनी परत फिरावं. कोणी तांडेल ऐकत असेल तर त्याने परत फिरावं. परत फिरा.”

काकांनी डोळे मिटले. ऑपरेटरचा हात बटणावर होता आणि त्याने ते दाबलं नाही. तेवढं त्याने केलं.

मग घंटा पुन्हा सुरू झाली. नंतर कारखान्यांसाठी संगीत, जोमदार, ठेका न धरता येणारं. त्या संगीतात मी स्टेशनवरून निघाले.

धक्क्यावर पोचले तेव्हा खाडीतलं पाणीसुद्धा कापत होतं. बंधाऱ्यावरून फेस उडत होता, खारट धूळ तोंडात येत होती. लागलेल्या बोटी एकमेकींवर आपटत होत्या, टायर कचरकचर करत होते. सुपरवायझर शेडच्या आडोशाला फोन कानाला लावून उभा होता. मला पाहून त्याने पाठ फिरवली. बाहेरचं काही दिसत नव्हतं, समुद्र आणि आभाळ मिळून एकच मळका पडदा झाला होता. दुसऱ्या बोटीवरचा एक म्हातारा खलाशी माझ्याजवळ आला. “खंयची गो तू?” मी सांगितलं. त्याने नुसती मान डोलावली आणि माझ्या शेजारी उभा राहिला. येईल असं तो म्हणाला नाही. त्या माणसांना असलं बोलण्याची सवय नसते.

किती वेळ गेला सांगत नाही. पडद्यातून निळं काहीतरी वर आलं, गेलं, परत वर आलं. बोट आली ती तिरकी होऊन. डेकवरचं सामान, पाण्याचे कॅन, सगळं वाहून गेलेलं. बंगाली खलाशाचा हात दोरात सापडून सोललेला, त्याने तो बनियनमधे गुंडाळला होता. मामाचे डोळे लाल होते मिठाने. मी हाक मारली तर त्याला ऐकूच आली नाही.

सुपरवायझर पुढे झाला. “सामान किधर है? किसने बोला वापस आने को?”

“रेडिओन,” मामा म्हणाला.

“सुबह जाने को भी रेडियो ही बोला था.”

मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उत्तर मी तिथेच, सगळ्यांसमोर, हिंदीत आणि मराठीत, शमालपेक्षा मोठ्याने दिलं. सुपरवायझरने गार्डला बोलावलं.

पुढचं थोडक्यात. काकांचा वेळ स्टेशनने काढून घेतला. कारण तांत्रिक सांगितलं. खोट्या हवामानाबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं ते खरं बोलल्याबद्दल, कुणाच्या परवानगीने म्हणून. निवेदकांना बोलावून घेतलं गेलं, काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. नंतर ते माझे फोन उचलेनासे झाले. त्यांचा मला राग नाही. शनिवारी आता त्या वेळेला हिंदी गाणी लागतात, छान छान, न थांबता.

मी मामाला म्हटलं, मी रोज फोनवर इशारा वाचून पाठवीन, तू सुपरवायझरला ऐकव. म्हणाला, “तुझो आवाज तेका कित्याक व्हयो? तू कोण? माझी भाची.” मग म्हणाला, “आणि आता रेडिओ बोललो तरी तो काय म्हणतलो माहीत आसा? म्हणतलो, ह्या खरा की नाटक?” हे तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

गेल्या शनिवारी पुन्हा इशारा आला. पिवळाच. मी तडक धक्क्यावर गेले. गार्डने आत सोडलं नाही, जाळीच्या बाहेर उभी राहिले. फोन वर धरून ओरडून वाचला, पूर्ण. बोटीवर चाललेले दोघे-तिघे थांबले. सुपरवायझर म्हणाला, यल्ला. मामाने वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे हात केला, घरी जा असा. दोर सुटला. बंधाऱ्याच्या टोकापर्यंत मी निळा रंग पाहत होते. त्यापलीकडे धूळ होती.